मागे बसलेला माणूस

मला मोटार चालवता येत नाही. तरुणपणी हे सांगायला संकोच वाटत असे. आता सत्तरी ओलांडल्यावर त्याचा थोडा अभिमानच वाटतो. जन्मभर मी मागे बसत आलो. एस.टी.त बसलो, टॅक्सीत बसलो, मित्रांच्या आणि शेजाऱ्यांच्या गाडीत बसलो, आणि मुलं मिळवती झाल्यावर मुलांच्या गाडीत बसलो. ज्याला गाता येत नाही तो गाण्याचा कडक परीक्षक होतो, त्याच न्यायानं मी ड्रायव्हर लोकांचा परीक्षक झालो आहे. हमरस्त्याला लागून अर्धा तास झाला, की समोरून येणारा, मागून येणारा आणि बाजूनं जाणारा प्रत्येक चालक माझ्या तावडीत सापडतो आणि मी त्याला गुण देऊ लागतो. एकतीस वर्षं शाळेत पदार्थविज्ञान शिकवलं असल्यामुळं गुण देण्याची सवय जुनी आहे, नापास करण्याचीही.

या दीर्घ निरीक्षणातून बेदरकार चालकांच्या काही जाती मी मुक्रर केल्या आहेत. पहिली जात दिवे मारणाऱ्यांची. समोरून येताना हे लोक दिव्यांची उघडझाप करतात. एखाद्या परक्या माणसाला वाटेल, हा सज्जन "तुम्ही आधी जा" असं म्हणतो आहे. आपल्या रस्त्यांवर त्याचा अर्थ "मी येतो आहे, तुमचं तुम्ही बघा" असा होतो. एकदा इशारा केला की यांचं कर्तव्य संपलं. पुढं जे होईल ते तुमच्या कर्मानं.

दुसरी जात चिकटणाऱ्यांची. हे मागून येतात आणि इतके जवळ येतात, की त्यांच्या काचेपुढच्या गणपतीच्या गळ्यातली माळ कसली आहे हेसुद्धा आपल्याला दिसावं. तो गणपती मात्र कायम हात वर करून बसलेला असतो. तो आशीर्वाद देत असतो की "अरे, आवर" म्हणत असतो, हे मला अजून उमगलेलं नाही.

तिसरी जात नागमोडी चालणाऱ्यांची. ही मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर विपुल आढळते. डावीकडून, उजवीकडून, दोन मालमोटारींच्या फटीतून हे गृहस्थ सुळ्‌कन निघून जातात. आपण छातीवर हात ठेवतो. आणि पुढं टोलनाक्यावर पाहावं, तो हेच गृहस्थ शेजारच्या रांगेत, आपल्यामागं तीन गाड्या सोडून उभे! २००२ साली पुरता खुला झालेला हा रस्ता साडेचौऱ्याण्णव किलोमीटर लांबीचा आहे. सपाटीवर मोटारींना वेगाची मर्यादा ताशी शंभर किलोमीटर. आता हिशेब करा. सबंध रस्ता शंभराच्या वेगानं गेलं तर सत्तावन्न मिनिटं लागतात. कायदा मोडून, जीव मुठीत घेऊन एकशे वीसनं गेलं तर सत्तेचाळीस. म्हणजे वाचली किती? पुरती दहासुद्धा नाहीत. एवढ्या वेळात एक कप चहा होतो, तोही जरा घाईघाईनं.

चौथी जात भाविकांची. पुढचं काही दिसत नसताना वळणावर दुसऱ्या गाडीला मागं टाकायचं, हे केवळ श्रद्धेच्याच बळावर शक्य आहे. खंडाळ्याच्या जुन्या घाटात शिंग्रोबाचं देऊळ आहे. इंग्रजांना ज्या धनगरानं घाटातली वाट दाखवली त्याचं हे ठाणं, अशी आख्यायिका आहे. येणारेजाणारे ड्रायव्हर तिथं नाणं टाकून पुढं जातात. मी नास्तिक नाही. शिंग्रोबाला मीही हात जोडतो. पण एक रुपया दिला की पुढच्या सगळ्या वळणांची जोखीम त्या धनगरानं घ्यावी, हा व्यवहार मला बरोबरीचा वाटत नाही. त्यानं वाट दाखवली. ती नीट चालणं आपल्याकडं होतं.

आणखीही पोटजाती आहेत. मालमोटारींच्या पाठीवरची "हॉर्न ओके प्लीज" ही अक्षरं महाराष्ट्र सरकारनं २०१५ साली बंद केली, कारण त्यामुळं लोक उगीचच भोंगे वाजवतात. पाट्या गेल्या, भोंगे राहिले. आणि रागानं पाहू नका, तुम्हाला वाघानं मागं टाकलं आहे, अशा अर्थाचं काहीतरी पाठीवर मिरवणारे टेम्पो तर कोणाला ठाऊक नाहीत? मी त्या वाघांकडं रागानंच पाहत आलो.

तुम्ही म्हणाल, दिवाळीच्या फराळाबरोबर हे कसलं पुराण लावलं आहे! पण दिवाळी हा घरी जाण्याचा सण आहे. हा अंक हातात घेतलेल्यांपैकी कितीतरी जण उद्या-परवा कुठल्यातरी रस्त्यावर असतील. कोणी माहेरी निघालं असेल, कोणी भाऊबीजेला बहिणीकडं. आणि आपल्या देशाचा सरकारी हिशेब असा आहे, की २०२२ या एका वर्षात रस्त्यांवरच्या अपघातांत १,६८,४९१ माणसं दगावली. दिवसाला साडेचारशेहून अधिक. त्यांतल्या दहांपैकी सुमारे सात मृत्यूंच्या नावापुढं कारण म्हणून "अतिवेग" असं लिहिलेलं आहे. हा आकडा मी पहिल्यांदा वाचला तेव्हा माझ्या चारही जाती डोळ्यांपुढं उभ्या राहिल्या, आणि मी मनाशी म्हणालो, "पाहा, हेच ते!"

मग मला आणखी एक जात आठवली. ती मी आजवर कोणाला सांगितलेली नव्हती. आज सांगणार आहे.

त्याआधी एक जुनी गोष्ट सांगायला हवी. आमचं घराणं चिपळूणच्या पलीकडच्या एका गावचं. वडील मुंबईला नोकरीला. १९६३ सालच्या उन्हाळ्यात आम्ही एस.टी.नं गावी निघालो होतो. मी अकरा वर्षांचा होतो. एस.टी.ची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुणे-नगर रस्त्यावर धावली, म्हणजे एस.टी.ही तेव्हा माझ्यासारखीच शाळकरी वयाची. गाडीला दोन तास उशीर झाला होता. कशेडीचा घाट लागला तेव्हा अंधार पडला होता. मुलं रडत होती, बायकांना गाडी लागत होती, आणि ड्रायव्हर आपल्या चालीनं गाडी चढवत होता. मागून एक मालमोटार आली आणि वळणावरच आम्हांला टाकून पुढं गेली. झालं! सबंध गाडी पेटली. "अहो, लॉरीसुद्धा पुढं गेली!" "बैलगाडीनं आलो असतो तर पोचलो असतो!" "पगार मिळतो ना वेळेवर? मग गाडी का नाही नेत?" माझे वडील तसे मितभाषी, पण त्या रात्री तेही काहीतरी बोलल्याचं मला आठवतं.

ड्रायव्हरनं घाटमाथ्यावर गाडी बाजूला घेतली. खाली उतरला. चाकांना लाथ मारून पाहिलं, रेडिएटरमध्ये पाणी ओतलं, विडी पेटवली, पुरती ओढली. मग आत येऊन, आमच्याकडं तोंड करून उभा राहिला. खाकी कपड्यांतला उंच माणूस. म्हणाला, "उशीर झाला म्हणून शिव्या देताय. द्या, माझी ना नाही. पण उद्या सकाळी शिव्या द्यायला तुम्ही सगळे असला पाहिजेत, एवढंच मी बघतो." आणि जागेवर बसून, ज्या गिअरमध्ये घाट चढला होता त्याच गिअरमध्ये, तितक्याच सावकाश उतरू लागला. खाली पोचेपर्यंत कोणी बोललं नाही. पुढं पदार्थविज्ञान शिकवताना इंजिनच गाडीला कसं आवरून धरतं आणि नुसत्या ब्रेकवर घाट उतरला तर ते तापून निकामी कसे होतात, हे मी मुलांना सांगत असे, तेव्हा हा माणूस माझ्या डोळ्यांपुढं असे.

त्याचं नाव कळलं नाही. पण परीक्षक म्हणून मी पैकीच्या पैकी गुण दिलेला तो एकटाच.

आता ती दुसरी गोष्ट. २०१७ सालची, भाऊबीजेच्या दिवशीची.

माझी थोरली बहीण, अक्का, गावीच असते. माझ्याहून बारा वर्षांनी मोठी. आई गेल्यावर आईच्या जागी तीच. भाऊबीजेला मी गेल्याशिवाय ती जेवत नाही. "अगं, खाऊन घेत जा," असं दर वर्षी सांगतो. ती दर वर्षी "बरं" म्हणते आणि उपाशी राहते. त्या वर्षी आमच्या सौभाग्यवतींचे बंधू आमच्याकडं यायचे होते, म्हणून मी एकटाच निघालो. रेल्वेचं तिकीट मिळालं नव्हतं. ओळखीच्या एका माणसाच्या भाड्याच्या गाड्या होत्या, त्याला सांगून ठेवलं. सकाळी सातला यायची गाडी नऊ वाजले तरी आली नाही. फोन केला, तर मालक म्हणाला, "काका, ड्रायव्हर रात्रभर शिर्डीहून गाडी घेऊन आलाय. आत्ताच पोचला. दुसरा कोणी नाही. दोन तास पडू द्या त्याला, की पाठवतो. नाहीतर उद्या जा. काय करू?"

वाचकहो, या प्रश्नाचं उत्तर मला ठाऊक होतं. अकरा वर्षांचा असताना ते मला एका खाकी कपड्यांतल्या माणसानं शिकवलं होतं. मी म्हणालो, "उद्या कसा जाऊ? भाऊबीज आज आहे. पाठवून द्या."

अकरा वाजता गाडी आली. ड्रायव्हर तेवीस-चोवीस वर्षांचा, लातूरकडचा पोरगा. डोळे लाल, पण भांग ताजा पाडलेला. गाडी चांगली चालवत होता, हे मी माझ्या नेहमीच्या कडक कसोटीनं सांगतो. उगाच भोंगा नाही, दिव्यांची उघडझाप नाही. पुढं ठेवलेल्या त्याच्या फोनवर अधूनमधून "ताई" अशी अक्षरं उमटत. तो घेत नसे. मी विचारलं तर म्हणाला, "बहीण आहे. चालवताना नाय घेत मी फोन. सांगितलंय तिला, यंदा नाय जमत म्हणून. तरी करते."

रस्त्याचं काम चाललं होतं. मुंबई-गोवा रस्त्याच्या रुंदीकरणाला २०११ साली हात लागला, आणि तेव्हापासून त्या रस्त्यानं जाणाऱ्या प्रत्येकाच्या संयमाची परीक्षा चालू झाली. कुठं खडी, कुठं वळसा, कुठं नुसता धुरळा. मी दर पंधरा मिनिटांनी घड्याळ पाहत होतो. माणगावला पोरगा म्हणाला, "काका, पाच मिनिटं थांबू का? तोंड धुतो, एक चहा घेतो."

मी म्हणालो, "पुढं घेऊ."

महाडच्या पुढं सावित्रीचा नवा पूल लागला. जुना, इंग्रजांच्या काळातला पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात वाहून गेला होता आणि त्याच्याबरोबर एस.टी.च्या दोन गाड्या माणसांसकट गेल्या होत्या. नवा पूल व्हायला वर्षसुद्धा लागलं नाही. पुलावर येताच आम्ही दोघांनीही न बोलता हात जोडले. त्यानं एकच हात उचलला; दुसरा चाकावर होता. कशेडीचा घाट चढताना मी त्याला त्या एस.टी. ड्रायव्हरची गोष्ट सांगितली. आवाज काढून, नक्कल करून सांगितली. पूर्वीचे ड्रायव्हर कसे होते, हे आजच्या पोरांना कळावं म्हणून. तो हसला. म्हणाला, "भारी माणूस. पण काका, तवाचे प्याशिंजर शिव्या देऊन गप बसत व्हते. आता थेट मालकाला फोन लावत्यात."

मला ते वाक्य विनोदी वाटलं. मीही हसलो.

घाट उतरलो तेव्हा सूर्य बुडाला होता. पुढं एक लांबलचक कंटेनर चालला होता. त्याच्या मागं आम्ही दोन मैल गेलो, तीन मैल गेलो. अक्काचा चेहरा माझ्या डोळ्यांपुढं येऊ लागला. ओसरीवर बसून वाट पाहणारी, उपाशी. मी पुढं वाकलो. "आता जाईल बघ. काढ." तो म्हणाला, "वळण हाय काका पुढं." मी म्हणालो, "अरे, कोणी येत नाहीये. दाब जरा. असंच चाललं तर मी उद्या पोचेन."

त्यानं गाडी काढली.

समोरून एकच दिवा आला. क्षणभर तो आमच्या काचेत मावेनासा झाला आणि मग बाजूला सरकला. आम्ही कंटेनरच्या पुढं निघालो होतो. कशालाही धक्का लागला नव्हता, काही आवाज झाला नव्हता. मी मागं टेकलो. पोरगा आरशात पाहत होता. "पडली," तो म्हणाला. "गाडी पडली, काका." आणि त्याचा पाय ब्रेकवर गेला.

आता मी जे लिहितो आहे ते लिहायला मला आठ वर्षं लागली. त्या वेळी माझ्या तोंडी आलेले शब्द असे होते : "लागलं नसेल फारसं."

त्यानं माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. गाडी वळवली.

रस्त्याचा नवा काँक्रीटचा भाग उंच होता आणि कडेची माती खाली, हातभर. आम्हांला वाट देण्यासाठी मोटरसायकल तिथं उतरली आणि आडवी झाली. नवरा, बायको आणि पाच-सहा वर्षांची मुलगी. हेल्मेट होतं म्हणून नवऱ्याचं डोकं वाचलं होतं. मुलगी रडत होती. ते ऐकून मला बरं वाटलं, कारण रडणारं मूल शुद्धीत असतं. बाई उजवं मनगट डाव्या हातात धरून बसली होती. फराळाचा डबा फुटून करंज्या आणि चकल्या मातीत पडल्या होत्या, आणि दिव्यांच्या उजेडात रस्त्याच्या कडेला काहीतरी चकाकत होतं. मी वाकून उचललं. पितळेचं छोटं निरांजन होतं. भावाला ओवाळायला माहेरी निघाली होती ती.

पोरानं तिघांना गाडीत घेतलं आणि जवळच्या सरकारी दवाखान्यात नेलं. या वेळी त्यानं गाडी फार सावकाश चालवली. मनगटाचं हाड मोडलं होतं. मुलीचे गुडघे सोलवटले होते. बाईच्या हाताला फळ्या बांधत असताना नवरा बाहेर आला आणि माझे दोन्ही हात धरून म्हणाला, "काका, देवासारखे आलात. हल्ली कोण थांबतं? तो गाडीवाला तर मागं वळून बघायला पण नाही थांबला."

त्याच्या डोळ्यांत समोरच्या गाडीचे दिवे गेले होते. गाडी त्याला दिसलीच नव्हती. आम्ही उलट बाजूनं परत आलो, तेव्हा त्याला आम्ही वेगळेच कोणीतरी वाटलो.

मी गप्प राहिलो. खोटं बोललो नाही. नुसता गप्प राहिलो. किती वेळ, ते मला सांगता येणार नाही. मग माझ्यामागून आवाज आला, "दादा, तो मीच. माझीच गाडी व्हती."

नवऱ्यानं माझे हात सोडले.

थोड्या वेळानं हवालदार आले. पोरानं सगळं सांगितलं. नाव, गाव, गाडीचा नंबर, वळणावर कंटेनर ओलांडला हेही. हवालदारांनी लिहून घेतलं आणि माझ्याकडं वळले. "तुम्ही काय पाहिलंत?"

मी म्हणालो, "मी मागे बसलो होतो."

यातलं अक्षरही खोटं नाही. तरी जन्मात मी याहून मोठं खोटं बोललेलो नाही. एकतीस वर्षं मी फळ्यावर लिहीत आलो, की वेग दुप्पट झाला की गतिज ऊर्जा चौपट होते, आणि ब्रेक लावल्यावर थांबायला लागणारं अंतरही चौपट होतं. ताशी साठाच्या वेगानं जाणारी गाडी, ब्रेककडं पाय जायला जो एक सेकंद लागतो तेवढ्यात सतरा मीटर पुढं गेलेली असते. न झोपलेल्या माणसाला तो एक सेकंदही पुरत नाही. उदाहरणं सोडवून घेतली, पेपर काढले, चुकलेल्यांचे गुण कापले. आणि परीक्षेचा प्रश्न माझ्यापुढं आला तेव्हा मी म्हणालो, "काढ. दाब जरा."

अक्काकडं पोचलो तेव्हा साडेनऊ वाजून गेले होते. ती ओसरीवरच होती. पाट मांडलेला, भोवती रांगोळी, ताटात सुपारी, अक्षता आणि निरांजन. "का रे इतका उशीर?" मी म्हणालो, "रस्त्यात गर्दी होती." तिनं कुंकू लावलं, ओवाळलं. ओवाळणी घालायला मी खिशात हात घातला आणि पाकिटाबरोबर ते दुसरं निरांजन हाती आलं. दवाखान्याच्या गडबडीत ते द्यायचं राहून गेलं होतं.

अक्कानं पाहिलं. तिच्या ताटातलं निरांजन जळत होतं आणि माझ्या तळहातावर हे मातीनं भरलेलं. "हे कोणाचं?" तिनं विचारलं. मग मला सगळं सांगावं लागलं. पोरगा अंगणात गाडीपाशी उभा होता. आत यायला तयार नव्हता. अक्कानं ऐकून घेतलं. मला काही बोलली नाही. उठून दारात गेली आणि त्याला हाक मारली, "ये बाबा आत. पाटावर बस." तो नको नको म्हणत होता. तिनं त्याला बसवलं आणि ओवाळलं. मग आम्ही तिघं जेवलो. झोपताना एवढंच म्हणाली, "उद्या आधी ते निरांजन देऊन ये. आणि माझ्या नावावर घाई करत जाऊ नकोस. तीन वेळा वात विझली संध्याकाळपासून. तीन वेळा लावली. त्यात काय मोठंसं?"

दुसऱ्या दिवशी मी गेलो. बाई माहेरी पोचली होती. भावानं रात्री येऊन नेलं होतं. मी निरांजन दिलं आणि नवऱ्याला सांगितलं, "त्या पोरानं नको म्हणत असताना मी त्याला गाडी काढायला लावली." त्यानं बराच वेळ माझ्याकडं पाहिलं. "असं?" तो म्हणाला. "त्यानं तुमचं नाव नाही घेतलं." बाईनं डाव्या हातानं निरांजन पदराला पुसलं आणि आत ठेवून आली. चहा आला. मी घेतला. त्या चहाची चव मला आठवत नाही. माणगावला जो चहा मी होऊ दिला नाही, त्याचीच आठवण होत होती.

पुढं पोराला दंड झाला. तो मी भरला. दवाखान्याचा खर्चही दिला. पैसे देणं सोपं असतं. मालकानं त्याला कामावरून काढलं, तेव्हा मी मालकाला जाऊन खरं काय ते सांगितलं. पण तोवर तो गावी निघून गेला होता.

आणखी एक गोष्ट मला उशिरा कळली. अक्काचा मुलगा वकिली करतो. एकदा बोलता बोलता मी त्याला म्हणालो, "मागे बसून 'दाब जरा' म्हणणाऱ्यासाठी तुमच्या कायद्यात कलम नसेल." तो उठला, पुस्तक काढलं, बोट ठेवून दाखवलं. १९८८ चा मोटार वाहन कायदा. कलम १८४ : धोकादायक रीतीनं वाहन चालवणं. कलम १८८ : त्या गुन्ह्याला चिथावणी देणं. शिक्षा? "तीच," तो म्हणाला. "जी चालवणाऱ्याला, ती सांगणाऱ्याला."

कायदा करणारी माणसं माझ्यापेक्षा शहाणी होती. बेदरकार चालकांची पाचवी जात त्यांना ठाऊक होती. ती चाकामागं बसतच नाही. ती मागच्या गादीवर रेलून घड्याळ पाहते, टेलिफोनवर "नऊच्या आत पोचवा, नाहीतर पैसे कापीन" म्हणते, मुलाला "अरे, किती हळू चालवतोस, तुझ्यामागून आलेले पुढं गेले" म्हणते. आणि काही झालं तर ती मागे बसलेली असते.

आताशा मी पुढं बसतो, ड्रायव्हरशेजारी. गाडी ठरवताना पैशांआधी विचारतो, "रात्री झोप झाली का?" झाली नसेल तर दुसऱ्या दिवशी जातो. वाटेत दोनदा चहाला थांबतो आणि तो मीच आधी सुचवतो. कंटेनरच्या मागं अर्धा तास चालावं लागलं तर त्याच्या पाठीवरचं सगळं लिखाण वाचून काढतो. दिवे मारणारे, चिकटणारे, नागमोडी जाणारे अजूनही भेटतात. पण हल्ली त्यांना गुण देण्याआधी त्यांच्या मागच्या काचेतून आत डोकावून पाहावंसं वाटतं : मागे कोण बसलं आहे?

कशेडीच्या पोटातून आता बोगदा झाला आहे. पूर्वी जो घाट चढायला-उतरायला पाऊण तास लागे तो काही मिनिटांत मागं पडतो. अक्का पंचाऐंशीची झाली. गेल्या वर्षी मी भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी दुपारी पोचलो. वाटेत फोन करून सांगितलं होतं, "जेवून घे." या खेपेला तिनं खरंच जेवून घेतलं होतं. दारात उभी राहून म्हणाली, "आलास? बस, वात लावते."